किरा स्मारोची अळ्यांची शाळा

किरा स्मारो (किरा म्हणजे आमच्याकडे मानानं म्हणायचं 'बाई') कधीच खोटं बोलत नसे असं म्हटलं तर तिलाच हसू येईल. शेजारणीनं कॉफीला बोलावलं आणि जायचं नसलं, की तिचं डोकं ठरल्यासारखं दुखायचं. पाद्रीबाबांना उपास केला म्हणून सांगायची आणि मागच्या दारी सॉसेज तळायची. वय विचारलं तर गेली तीन वर्षं ती अडुसष्टचीच होती. पण लहान मुलांशी ती खोटं बोलत नसे, हे मात्र खरं. ती सांभाळायची त्या रेशमाच्या संग्रहालयाच्या दारातून आत आलेल्या मुलानं काहीही विचारलं तरी त्याला खरं तेच उत्तर मिळायचं, मग आईबापांचे चेहरे कसे का होईनात.

"कोश गरम पाण्यात टाकला की आतला किडा मरतो का?" दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारायचंच.

"हो, मरतो," स्मारो म्हणायची. "धागा सलग हवा असेल तर मरतो. ज्याला मारायचा नसेल त्यानं आपला कोश घरी न्यावा. पाखरू कोश फोडून बाहेर येईल, धाग्याचे तुकडे होतील, ते कातता येतात. कापड जाडंभरडं होतं, पण होतं."

निम्मी मुलं कोश घरी न्यायची. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

चौदाव्या वर्षी ती माव्रोमुर्या गावातल्या रेशमाच्या कारखान्यात लागली होती. उकळत्या पाण्याच्या कुंडीपाशी उभं राहायचं, तरंगणाऱ्या कोशांवरून छोटा कुंचा फिरवायचा, कुंच्याला लागलेली टोकं बोटांनी हुडकायची आणि पाच-सहा कोशांचे धागे एकत्र करून चक्राला द्यायचे. धागा डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. एकतीस वर्षं हे केल्यावर तिच्या बोटांची टोकं अशी झाली की चुलीवरचं भांडं ती फडक्याशिवाय उचलायची. कारखाना बंद पडला तेव्हा यंत्र कुणालाच नको होतं. नगरपालिकेनं ते विटांच्या जुन्या कोशघरात नेऊन ठेवलं, भोवती काच लावली आणि दारावर संग्रहालयाची पाटी ठोकली. यंत्राला तेल कुठं घालायचं हे एकट्या स्मारोला माहीत होतं, म्हणून किल्ली आणि झाडू तिच्या हातात आले. "तेलाच्या डब्यासारखी यंत्राबरोबर आले मी," असं ती स्वतःच सांगायची.

संचालकबाई थेस्सालोनिकीहून आलेल्या, शिकलेल्या, मनानं फार चांगल्या आणि सगळ्याला घाबरणाऱ्या. त्यांनी भिंतीभर मजकूर लावला आणि जागोजागी 'हात लावू नये'. उन्हाळ्यात घरंच्या घरं यायची, मुलं दुसऱ्याच फळ्यापाशी जांभया द्यायला लागायची. एकदा स्मारोला ते बघवेना. तिनं स्टोव्हवर पातेलं चढवलं, सात-आठ कोश टाकले, धागा काढला आणि सगळ्यात मोठी जांभई देणाऱ्या मुलीच्या बोटाला गुंडाळला. "चालत सूट," ती म्हणाली. "तुटेपर्यंत थांबू नकोस." मुलगी दाराबाहेर गेली, चौक ओलांडून चर्चच्या पायरीपर्यंत पोचली, तरी पातेल्यातले कोश नाचतच होते. चौकातले म्हातारे हातातले पत्ते तसेच धरून, न दिसणाऱ्या धाग्याखालून वाकून गेले. त्या दिवशी स्मारोनं 'हात लावू नये'वर आपला ॲप्रन टांगला, तो एकोणीस वर्षं तिथंच आहे.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिची अळ्यांची शाळा भरते. खरं तर रेशमाच्या अळ्यांचा हंगाम मे महिन्यातला, पण मुलांच्या शाळा जूनच्या मध्यावर सुटतात. म्हणून स्मारो अंडी संचालकबाईंच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या डब्यामागे ठेवून देते आणि सुट्टी लागली की बाहेर काढते. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी आपापली खोकी घेऊन यायचं, बाकीचे दिवस अळ्या घरी वाढवायच्या. नियम एकच, आणि त्यावरून दरवर्षी भांडणं होतात: मूल एकटं येणार नाही. घरातलं एक मोठं माणूस बरोबर पाहिजे, आणि त्यानंही अळीला हात लावला पाहिजे.

"मी हिला सोडून जरा बाजार करून येते, किरा स्मारो," एखादी आई म्हणायची.

"जा की. हिलाही घेऊन जा. टोमॅटो निवडायला शिकेल."

पहिल्या दिवशी मोठ्या माणसाला कापडाची एक चिमुकली पुरचुंडी मिळते. आत अंडी, खसखशीएवढी. ती दहा दिवस छातीशी, कपड्याच्या आत बाळगायची. अंडी अंगाच्या उबेनं फुटतात, आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या बायका अशीच उबवत आल्या. बँकेत काम करणारे बाप शर्टाच्या आत पुरचुंडी घालून खुर्चीवर ताठ बसलेले बघायला स्मारोला मनापासून आवडायचं.

त्या उन्हाळ्यात आर्गिरिस आला. वय चौऱ्याहत्तर, उभा जन्म तंबाखूच्या शेतात गेलेला. आता स्वतःपुरत्या तीन ओळी लावायचा आणि स्वतःच्या हातानं वळून ओढायचा. बायको पास्खालिना हिवाळ्यात गेली. दर उन्हाळ्यात नात एव्हान्थिया अथेन्सहून आजीकडे यायची. यंदा आजी नव्हती तरी ती हट्टानं आली होती. नऊ वर्षांची, दोन दात पडलेले, बोलायला खमकी. तिची आई देस्पिना फोनवर म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला जमणार नाही. ती कंटाळली की लगेच सांगा, मी येऊन घेऊन जाते." आर्गिरिसला सकाळ-संध्याकाळ अंडी तळण्यापलीकडे काही येत नव्हतं. पण पोरगी गेली की घरात फक्त रेडिओ बोलणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो दारातच थांबला. त्याचे डोळे निळे, अगदी फिकट निळे, आणि ते नेहमी जमिनीवर.

"आत ये रे, उंबरा काय चावतोय?" स्मारो म्हणाली. त्याला अरे-तुरे करणारी माणसं आता थोडीच उरली होती.

"पोरगी येईल. मी बाहेर बसतो."

"नियम माहीत आहे ना?"

"स्मारो, माझी नजर वाईट आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुला ठाऊक आहे. पास्खालिनानं चाळीस वर्षं मला अळ्यांच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. निळा डोळा. बघितलं की मरतात."

स्मारोचा हात पुरचुंडीवर जरासा थांबला. मग तिनं नेहमीची टिंगल पुढं केली. "तुझ्या नजरेनं माणसं मेली असती तर तुझ्यासमोर पत्ते खेळणारे सगळे कधीच कब्रस्तानात गेले असते. घे ही. शर्टाच्या आत. आणि अळ्या ठेवाल त्या खोलीत सिगारेट पेटवलीस तर मी तुला पेटवीन."

त्याच वेळी खरं सांगून टाकता आलं असतं, असं ती नंतर म्हणायची. पण पास्खालिना तिची मैत्रीण. जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. गेलेल्या बाईविरुद्ध तिच्याच नवऱ्यापाशी काय बोलायचं, म्हणून ती गप्प राहिली.

"पापू माझ्याशी बोलताना माझ्या बुटांशी बोलतो," एव्हान्थियानं स्मारोला खासगीत सांगितलं. आजोबाला ती पापू म्हणायची, आजीला याया. "आणि चुकून माझ्याकडे बघितलं की बाजूला तीनदा थुंकतो. थू थू थू. आधी मला वाटायचं मी त्याला आवडत नाही. मग याया म्हणाली, नजर लागू नये म्हणून करतो तो."

आर्गिरिसनं पुरचुंडी बाळगली. कॉफीच्या दुकानात बातमी पोचायला अर्धा दिवस लागला. "कितवा महिना रे?" "आंबट खावंसं वाटतंय का?" "बाळाचं नाव काय ठेवणार?" म्हाताऱ्यांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. तो एका हातानं छाती सांभाळत दुसऱ्या हातानं पत्ते टाकत राहिला. दहाव्या दिवशी सकाळी नातीनं पुरचुंडी उघडली, तर आत काळ्या दोऱ्याचे तुकडे वळवळत होते. सगळ्या वर्गात त्याचीच अंडी सगळ्यात जास्त फुटली होती. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवून विचारलं, "जिवंत आहेत?"

"चाळीस आहेत, पापू!"

"मोजू नकोस. मोजलं की दृष्ट लागते."

पुढचे तीन आठवडे गावानं आर्गिरिसला बोलताना ऐकलं. संध्याकाळी दोघं चर्चमागच्या तुतीवर जायची. तो फांदी वाकवायचा, ती पानं खुडायची, घरी येऊन एकेक पान फडक्यानं पुसायची. अळ्या कात टाकण्याआधी डोकं वर करून झोपल्या की तो रेडिओ बंद करायचा. खोक्याकडे मात्र तो पाठ करून बसायचा आणि नात सांगेल ते ऐकायचा. देस्पिनानं फोन केला की पोरगी म्हणायची, "आता नको येऊस, आमची तिसरी झोप चालू आहे." स्मारो दर मंगळवारी-शुक्रवारी हे बघत होती आणि मनातून सुखावत होती. तिच्या शाळेत मुलं शिकतात हे सगळ्यांना दिसायचं. मोठी माणसं काय शिकतात हे ती एकटीच बघायची.

चौथ्या झोपेनंतर अळ्यांना राक्षसी भूक लागते. आदल्या दिवशी मूठभर पानं पुरायची, तिथं टोपलीही पुरेना. त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी एव्हान्थिया खोकं घेऊन धावतच आली. मागून आर्गिरिस. नऊ घरांची माणसं टेबलाभोवती बसली होती. तिनं झाकण काढलं. अळ्या माना उंचावून पिळवटत होत्या, तोंडातून हिरवं पाणी गळत होतं, अंगं आखडली होती. बऱ्याचशा हलतच नव्हत्या.

"काल रात्री चांगल्या होत्या," पोरगी हुंदके देत म्हणाली. "सकाळी खाल्लं आणि..."

आर्गिरिस दारातूनच बोलला. इतक्या माणसांसमोर तो आयुष्यात कधी बोलला नसेल. "माझ्यामुळं झालं. आज पहाटे बघितलं मी. ती झोपली होती, मी पानं घातली आणि बघत बसलो. इतक्या सुंदर दिसत होत्या. बघायला नको होतं." त्यानं टोपी काढून हातात चुरगाळली. "देस्पिनाला फोन केलाय. उद्या येऊन घेऊन जाईल हिला. माझ्यापाशी काही नाजूक ठेवूच नये."

"मी जाणार नाही!" पोरगी किंचाळली.

"ते मग बोलू," स्मारो म्हणाली. "आधी खोकं अंगणात न्या. ती पानं टाकून द्या, एकही ठेवू नका. हलतायत त्या अळ्या उघड्यावर, चाळणीत. माझी पानं घ्या." चार जण उठले. मग ती आर्गिरिसपाशी गेली, त्याचा हात धरला आणि नाकाशी नेला. बोटं काळपट, टोकांना चिकट.

"पानं कुठली घातलीस?"

"शेताच्या बांधावर तुती आहे ना. पोरीला झोपू द्यावं म्हटलं. पहाटे तंबाखू खुडला, वाळवायला दोरीत ओवायला घेतला, येताना बांधावरची पानं आणली."

"हात?"

"धुतले की! साबणानं."

तंबाखूचा चीक साबणानं जात नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. त्याला हिरवा टोमॅटो चोळावा लागतो. पण हात काळे असले म्हणून आजवर आर्गिरिसच्या हातून काही मेलं नव्हतं. मेलं ते डोळ्यानं, असंच त्याला सांगितलेलं. स्मारोनं त्याचा हात सोडला नाही. टेबलापाशी बसलेल्या तीन म्हाताऱ्या एकाएकी पानं पुसण्यात फार गुंग झाल्या.

एव्हान्थिया तिच्यासमोर येऊन उभी राहिली. नाक वाहत होतं, ते तिनं मनगटानं पुसलं.

"किरा स्मारो, पापूच्या डोळ्यांनी मेल्या का त्या?"

स्मारोच्या मनात काय काय येऊन गेलं, ते तिनं नंतर सांगितलं. म्हणावं, रोग पडला. म्हणावं, उन्हाळा बाधला. नऊ घरं बसलीत, म्हाताऱ्याची लाज राहील, पास्खालिनाची राहील, आपली राहील. पण विचारणारं मूल होतं. मुलाला दुसरं उत्तर कसं द्यायचं ते तिला येतच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "डोळ्यांनी नाही. हातांनी. तंबाखूच्या चिकानं अळी मरते. पानाला नुसता चिकट हात लागला तरी मरते."

"मग याया का म्हणायची..."

"तुझ्या यायाला माहीत होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं." आता ती आर्गिरिसकडे बघून बोलत होती. "ऐक. तंबाखूवर तुमची घरं चालत होती. नवऱ्याला म्हणावं, हात खराब आहेत, खोलीत येऊ नकोस, तर तो म्हणायचा माझं घर, मी कुठंही जाईन. त्यांच्या डोक्यात चीक शिरायचा नाही. पण नजर म्हटलं की गुपचूप बाहेर जायचे. माझ्या आईनंच ही युक्ती काढली. गावातल्या प्रत्येक सुनेला तीच अळ्या शिकवायची, तीच सांगायची: नवऱ्याचे डोळे निळे असले तर निळे म्हणा, घारे असले तर घारे म्हणा, भुवया जुळल्या असल्या तर भुवया म्हणा. पास्खालिनाला सांगितलं तेव्हा मी तिथंच बसले होते. आम्ही दोघी किती हसलो होतो."

टेबलापाशी बसलेल्या तिघींपैकी दोम्ना, सगळ्यात म्हातारी, पानाकडे बघत म्हणाली, "माझा तर तसाच गेला बिचारा. शेवटपर्यंत स्वतःला दोष देत."

आर्गिरिस चिडेल, टोपी आपटून निघून जाईल, असं स्मारोला वाटलं होतं. तसं झालं असतं तर तिला हलकं वाटलं असतं. तो हळूच खुर्चीवर बसला.

"देस्पिना झाली तेव्हा," तो म्हणाला, "चाळीस दिवस मी गोठ्यात झोपलो. पास्खालिना म्हणाली, अरे वेड्या, घरात ये. मी म्हटलं, अळ्या मरतात, तर हे तर लेकरू. तेव्हाही ती काही बोलली नाही."

"तेव्हा बोलायला हवं होतं तिनं," स्मारो म्हणाली. "मीही बोलायला हवं होतं. मला माहीत होतं तू गोठ्यात झोपतोस. मला वाटलं, जाईल आपोआप."

"ही झाली तेव्हा मी अथेन्सला गेलोच नाही. म्हटलं, प्रकृती बरी नाही." "स्मारो, मी बघितलं असतं तर चाललं असतं?"

एकतीस वर्षं उकळत्या पाण्यात घालून बोटं बधिर केलेल्या त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला तिच्यापाशी ॲप्रनही नव्हता.

"चाललं असतं, आर्गिरिस," ती म्हणाली. "काहीच झालं नसतं. चूक आमची. माफ कर म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते."

गाव लहान आहे, दुपारपर्यंत हे घरोघरी गेलं. काही बायका स्मारोवर चिडल्या: इतक्या वर्षांची झाकली मूठ चारचौघांत कशाला उघडायची? पाद्रीबाबा म्हणाले, कबुलीजबाब चर्चमध्ये द्यायचा असतो, संग्रहालयात नाही. मी तर म्हणतो, त्या घरात एवढ्या काचा आणि एवढे मजकूर आहेत, पण त्या सकाळी तिथं जे सांगितलं गेलं त्याच्या तोलाचं एकही नाही. आणि ते सांगायला ज्या बाईला जमलं, तिला आपण किरा म्हणतो ते योग्यच आहे.

पण त्या घडीला आर्गिरिसला यातलं काहीच नको होतं. तो खुर्चीवर बसून होता, डोळे सवयीनं जमिनीवर. अंगणातून कुणीतरी ओरडून सांगितलं की चाळणीतल्या अकरा अळ्यांनी पान तोंडात घेतलंय. एव्हान्थिया त्याच्या गुडघ्यांमध्ये येऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्याची हनुवटी वर केली.

"मग आता बघ ना."

त्यानं बघितलं. थुंकला नाही. पडलेल्या दातांची जागा, नाकावरचे ठिपके, रडून सुजलेल्या पापण्या, कानामागे अडकलेला तुतीच्या पानाचा तुकडा, सगळं एकेक करून बघितलं. तिचे डोळेही निळे होते. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो इतका वेळ बघत राहिला की टेबलापाशी माणसं खाली बघायला लागली आणि पोरगी लाजून चुळबुळली.

"पापू, पुरे आता."

"थांब गं," आर्गिरिस म्हणाला. "नऊ वर्षांचं राहिलंय."